कोठडीपासून बैठकीपर्यंत : ठाणे जिल्ह्यातील मंत्रचळाच्या उपचारकाचा शोध

१. प्रश्नाचे स्वरूप

वैद्यकाच्या इतिहासात रोगाचे वर्णन प्रथम कोणी केले आणि औषध कोणी शोधले यांची नोंद तपशिलाने होते. रुग्णाने उपचारकाचा शोध कसा घेतला, तो त्यास कोठे सापडला आणि कोठे सापडला नाही, हा भाग मात्र बहुधा नोंदीबाहेर राहतो. मनोविकारांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण येथे उपचारक म्हणजे केवळ औषध लिहून देणारा इसम नव्हे. कित्येक विकारांत त्याचे ऐकणे, त्याचे बोलणे आणि त्याने रुग्णाकडून करवून घेतलेला सराव हाच उपचार असतो. असा उपचारक जेथे पोचत नाही तेथे उपचारच पोचला नाही, असे म्हणावे लागते.

प्रस्तुत निबंधाचा विषय असा एक विकार व असा एक प्रदेश आहे. विकार तो, ज्यास मराठीत मंत्रचळ म्हणतात आणि वैद्यकाच्या परिभाषेत ‘ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर’, संक्षेपाने ओसीडी, असे नाव आहे. प्रदेश म्हणजे ठाणे जिल्ह्याचा ग्रामीण पूर्व भाग : तानसा तलावाचा परिसर आणि शहापूर व मुरबाड हे दोन तालुके. या प्रदेशाची निवड सहेतुक आहे. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी, ठाण्यास, १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. आणि पश्चिम भारतात आधुनिक मनश्चिकित्सा जेथे प्रथम रुजली ती मुंबई येथून दूर नाही. तेव्हा ‘जवळपास संस्थाच नव्हती’ हे नेहमीचे उत्तर येथे लागू पडत नाही. संस्था होती, आणि तरीही मंत्रचळाच्या रुग्णास उपचारक मिळणे दुर्घटच राहिले. असे का झाले, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर तीन टप्प्यांत सापडते. पहिली संस्था निर्माण झाली ती दुसऱ्याच प्रकारच्या रुग्णासाठी. पुढे उपचार सापडला, परंतु त्यातील औषधाचा भाग खेड्याकडे गेला आणि सरावाचा भाग शहरातच राहिला. शेवटी कायद्याने हक्क दिला, पण त्या हक्काचे मोजमाप जिल्हा हे एकक धरून केले. या तिन्ही टप्प्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

२. शब्द आणि लक्षण

मंत्रचळ हा शब्द मंत्र व चळ या दोन पदांचा बनलेला आहे. ‘चळ लागणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीचे वेड घेणे. आणि मंत्र म्हटला की त्याचा उच्चार, त्याची संख्या, त्याची शुद्धता यांविषयीची दक्षता ओघानेच येते. चूक तर झाली नाही ना, हा संशय आणि म्हणून पुन्हा आरंभ, हे या विकाराचे गाभ्याचे लक्षण मराठी शब्दात अशा रीतीने आधीच अंतर्भूत आहे. हात पुन्हापुन्हा धुणारा, कडी लावली की नाही हे दहा वेळा पाहणारा, आकडे मोजत बसणारा, या सर्वांना बोलीत हाच शब्द लागतो. विकार ओळखण्याइतकी दृष्टी समाजापाशी होती, हे त्यावरून सिद्ध होते.

परंतु या शब्दाबरोबर एक अडचणही आली. तो थट्टेने वापरला जातो. मंत्रचळ हा स्वभावाचा दोष, फार तर घरच्यांना होणारा उपद्रव. तो रोग आहे आणि त्यास उपचार आहे, हा अर्थ त्यास चिकटला नाही. शिवाय ज्या समाजात सोवळ्या-ओवळ्याचे आणि विटाळाचे नियम प्रतिष्ठित होते, तेथे विकाराला आचाराचे वस्त्र सहज मिळे. येथे भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. सोवळे पाळणाऱ्याचा विधी पुरा झाला की त्याचे समाधान होते. मंत्रचळ जडलेल्यास विधी पुरा झाल्याची खात्रीच पटत नाही. क्षणभर उसंत मिळते आणि संशय परत येतो. आपला विचार अवास्तव आहे हे त्याला बहुधा कळत असते, तरी त्याला आवरता येत नाही. कित्येकदा हा विचार स्वच्छतेचा नसतोच. आपल्या हातून लेकराला इजा होईल, देवासमोर मनात अभद्र शब्द येईल, अशी भीती असते आणि ती वारण्यासाठी मनातल्या मनात काही म्हणत राहावे लागते. हा दुसरा प्रकार बाहेरून दिसत नाही आणि शरमेपायी सांगितलाही जात नाही.

हा अनुभव केवळ मराठी मुलखाचा नाही. बंगालीत त्यास शुचिबाई हा शब्द आहे, आणि अजिता चक्रवर्ती व गोपाल बॅनर्जी यांनी १९७५ मध्ये बंगाली आचारधर्म व हा विकार यांचा संबंध तपासला. त्याच वर्षी चंडीगढच्या अख्तर, विग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ८२ रुग्णांच्या लक्षणांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात विचाराच्या स्वरूपांत संशय आणि आशयांत मळ व विटाळ हे सर्वांत अधिक आढळले. युरोपात एस्किरोलने १८३८ मध्ये, वेस्टफालने १८७७ मध्ये आणि जानेने १९०३ मध्ये या विकाराची वर्णने केली. फ्रॉइडने १९०९ मध्ये अशा एका रुग्णाचा विस्तृत वृत्तांत लिहिला. वर्णन विपुल झाले. उपचार मात्र दीर्घकाळ हाती आला नाही.

३. भिंतीआडची संस्था

मुंबईत वेड्यांसाठी कुलाब्यास १८२६ मध्ये आश्रयस्थान उभे राहिले. १८५८ च्या कायद्याने अशा स्थानांची व्यवस्था व त्यांत दाखल करण्याची रीत ठरवून दिली. नागपूर येथे १८६४ मध्ये आणि रत्नागिरीस १८८६ मध्ये वेड्यांची इस्पितळे निघाली. ठाण्याचे इस्पितळ १९०१ मधले. नरोत्तमदास माधवदास या मुंबईच्या धनिकाचे नाव त्यास देण्यात आले. पुढे येरवडा, नागपूर, रत्नागिरी व ठाणे ही महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये म्हणून ओळखली जाऊ लागली.

या संस्थांचा हेतू त्यांच्या दाराशीच कळतो. १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यान्वये रुग्णाचा प्रवेश मुख्यत्वे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने होई. भटकणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या इसमास पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे आणावयाचे, वैद्यकीय दाखला घ्यावयाचा आणि हुकूम झाल्यावर इस्पितळात पाठवावयाचे, अशी ही रीत होती. स्वेच्छेने राहू इच्छिणाऱ्यास अभ्यागत मंडळातील दोघांच्या संमतीने घेण्याची तरतूद कायद्यात होती. तथापि यंत्रणेचा रोख तिच्यावर नव्हता. इतरांचे रुग्णापासून संरक्षण आणि रुग्णाचा सांभाळ, ही तिची दोन कामे होती.

मंत्रचळाचा रुग्ण या चौकटीत कोठेच बसत नाही. तो भटकत नाही, कोणावर धावून जात नाही, बरळत नाही. किंबहुना इतरांना इजा होऊ नये याचीच त्याला अहोरात्र चिंता असते. पोलिसाने त्यास पकडावे असे त्याच्या वर्तनात काही नाही, आणि ज्या दारातून पोलीस माणसे आत नेतात त्या दारात त्याने स्वतः जावे असेही काही नाही. ‘ठाण्याला पाठवणे’ या शब्दप्रयोगाला मराठीत जो अर्थ आला, तो या इतिहासाचा थेट परिणाम होय. उपचारासाठी ज्या शहराकडे जावयाचे त्या शहराचे नावच हिणवण्याचा शब्द झाले. शहापूरच्या किंवा मुरबाडच्या कुटुंबाने ठाण्याच्या वाटेला जाण्यापूर्वी वर्षानुवर्षे कच खावी, यात नवल नाही.

याच काळात तानसा खोऱ्यात दुसरे मोठे सरकारी काम झाले होते. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी १८६० मध्ये विहार व १८७९ मध्ये तुळशी हे तलाव झाले, आणि ते अपुरे पडल्यावर १८९२ मध्ये तानसाचे धरण पुरे झाले. तानसाचे पाणी नळांतून मुंबईस जाऊ लागल्यानंतर नऊ वर्षांनी ठाण्याचे इस्पितळ निघाले. शहराच्या गरजेसाठी या मुलखाशी जोडणी किती नेटाने करता येते हे पहिल्या कामाने दाखविले. उलट दिशेने, शहरातील विद्या या मुलखाकडे आणण्याची जोडणी दुसऱ्या कामात अभिप्रेतच नव्हती.

४. बाह्यरुग्ण विभाग आणि १९६६ हे वर्ष

भिंतीआड न जाता मनोविकारावर उपचार घेण्याची सोय मुंबईत १९३० नंतरच्या दशकात झाली. सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाच्या आश्रयाने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र निघाले. १९३८ मध्ये जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसानी यांच्या देखरेखीखाली मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू झाला. कलकत्त्यास गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्येच मनोविश्लेषण संस्था स्थापिली होती. सामान्य रुग्णालयाच्या आवारात मनोविकाराचा विभाग असणे ही गोष्ट वरवर लहान, परंतु परिणामाने मोठी होती. खोकल्याच्या आणि तापाच्या रुग्णांबरोबर मंत्रचळाचा रुग्णही केसपेपर काढून रांगेत बसू शकला. तथापि देशभराचा विचार करता ही सोय नाममात्र होती. १९४६ च्या भोर समितीला सुमारे ४० कोटींच्या देशात मनोरुग्णालयांतील खाटा अवघ्या १० हजारांच्या घरात आढळल्या.

मंत्रचळाच्या उपचाराच्या दृष्टीने १९६६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांच्या यशस्वी उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची रीत थोडक्यात अशी : रुग्ण ज्या वस्तूला भितो तिच्याजवळ त्यास क्रमाने न्यावयाचे आणि नंतर धुण्याचा किंवा जपण्याचा विधी त्याला करू द्यावयाचा नाही. आरंभी भीती वाढते. परंतु विधी न करताही ती कालांतराने उतरते आणि ज्याची धास्ती होती ते अरिष्ट ओढवत नाही, हा अनुभव रुग्णास स्वतःच येतो. पुढे राकमन, हॉजसन, मार्क्स यांनी या रीतीला शास्त्रीय कसोट्या लावल्या. आज ती ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’ या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला भयसामना व विधिरोध म्हणता येईल. एडना फोआ व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत एकट्या क्लोमिप्रमीन या औषधापेक्षा ही रीत सरस ठरली.

याच १९६६ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एन. एस. वाहिया यांनी विणेकर व डुंगाजी यांच्यासह, प्राचीन भारतीय कल्पनांचा मनोविकारांच्या उपचारात होणारा उपयोग या विषयावर लेख लिहिला. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान या पातंजल क्रमावर आधारलेली उपचारपद्धती या विभागाने पुढे विकसित केली आणि तिचे निष्कर्ष १९७३ मध्ये मांडले. हा प्रयत्न सर्वसाधारण मज्जाविकृतींसाठी होता, खास मंत्रचळासाठी नव्हता. तरी त्याचे ऐतिहासिक मोल वेगळे आहे. मनाचा विकार हा रुग्णाने रोज करावयाच्या सरावाने हटविता येतो, आणि तो सराव येथील माणसाला परिचित असलेल्या शब्दांत सांगता येतो, ही जाणीव परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात त्या काळी होती.

लंडनच्या आणि परळच्या या दोन्ही रीतींत एक समान अट आहे. दोन्हींत शिकलेला माणूस रुग्णाजवळ वेळ देऊन बसला पाहिजे. मायर यांच्या रुग्णांवर परिचारिकांची सतत नजर होती. पुढील काळात बैठकांची संख्या साधारणपणे १२ ते २० वर आली. तरी आठवड्यास एक किंवा दोन वेळा, प्रत्येकी तासभर, आणि मधल्या दिवसांत घरी सराव, हे मान कायम राहिले. पुढील सर्व अडचणींचे मूळ या अटीत आहे.

५. गोळी पोचली, उपचारक राहिला

१९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्लोमिप्रमीन या औषधाचा मंत्रचळावर गुण येतो अशी वृत्ते येऊ लागली, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्यास या विकारासाठी मान्यता मिळाली. त्यानंतर फ्लुओक्सेटीन, फ्लुवोक्सामीन, सर्ट्रालीन ही औषधे आली. ती मंत्रचळासाठी बहुधा खिन्नतेपेक्षा अधिक मात्रेत लागतात आणि त्यांचा गुण दिसण्यास ८ ते १२ आठवडे जाऊ द्यावे लागतात. या दोन गोष्टी रुग्णाला आधी सांगितल्या नाहीत तर तो महिन्याभरात औषध सोडतो आणि ‘गुण आला नाही’ असा निष्कर्ष काढतो.

औषधाचा एक मोठा लाभ असा की ते वाहून नेता येते. शहरात लिहिलेली गोळी शहापूरच्या दुकानात मिळू शकते. बैठकीचे तसे नाही. भयसामन्याची रीत जाणणारा मनोपचारक घडण्यास पदव्युत्तर शिक्षणावर आणखी प्रशिक्षण लागते. पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याने चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी आवश्यक केली, ती योग्यच झाली. परंतु हे शिक्षण मोजक्या संस्थांत, बहुतांशी इंग्रजीतून होते आणि ते घेतलेले लोक मोठ्या शहरांत स्थिरावतात. परिणामी ग्रामीण रुग्णाला, मिळालाच तर, अर्धा उपचार मिळतो. ज्या अर्ध्याने गुण टिकण्याची अधिक आशा, तोच बहुधा त्याच्या वाट्याला येत नाही.

भाषेच्या दृष्टीने एका कार्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा परिचय किशोर फडके यांनी महाराष्ट्रास करून दिला. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यास ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापिली आणि मनाच्या आरोग्याविषयी मराठीतून लेखन व लोकशिक्षण केले. ज्या शहराचे नाव वेड्यांच्या इस्पितळामुळे हिणवले गेले, त्याच शहरात मनोपचार हा उघडपणे, मराठीत बोलण्याचा विषय झाला. मंत्रचळाच्या उपचारात भाषा ही सजावट नसून साधन आहे. रुग्णाच्या मनात येणारा नेमका विचार, तो कितीही लाजिरवाणा असो, त्याच्याच शब्दांत बाहेर आला पाहिजे. त्यावाचून कोणत्या भीतीचा सामना करावयाचा हेच ठरत नाही. शहापूर-मुरबाडच्या कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी समाजांतील रुग्णाच्या बाबतीत तर प्रमाण मराठीही थोडी परकीच ठरते.

६. जिल्हा नावाचे एकक

१९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाने मनोविकारांची सेवा प्राथमिक आरोग्यव्यवस्थेत आणण्याचे ध्येय ठेविले. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात त्याचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची रचना सामान्य वैद्याला तीव्र मनोविकार ओळखण्यास व औषध चालू ठेवण्यास शिकवावे अशी आहे. तीव्र उन्मादाच्या किंवा फेफऱ्याच्या रुग्णास तिचा उपयोग निःसंशय आहे. परंतु जिल्ह्याचे पथक ठराविक दिवशी तालुक्यास येते, समोर रांग असते, आणि तेथे एका रुग्णासाठी आठवड्यामागून आठवडे तासभर बसणे त्या रचनेत मावत नाही.

बंगळूरच्या निम्हन्स संस्थेने २०१५–१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये या विकाराचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले, आणि सामान्य मनोविकारांच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचाराबाहेर असल्याचे दिसले. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यांत महाराष्ट्र नव्हता. येथील परिस्थितीविषयी बोलताना ही मर्यादा ध्यानात ठेविली पाहिजे. ०.८ टक्के हे प्रमाण लहान भासते, पण त्याचा अर्थ दर हजार प्रौढांमागे आठ असा होतो. म्हणजे बऱ्यापैकी वस्तीच्या गावात असे काही जण असावयाचेच.

१९८७ च्या कायद्याच्या जागी आलेला मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला व मे २०१८ मध्ये अंमलात आला. त्याच्या १८ व्या कलमाने प्रत्येकास सरकारी अथवा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थांतून मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला. मनोविकारग्रस्तास दूरचा प्रवास करावा लागू नये व सेवा त्याच्या वस्तीजवळ असावी, असे हे कलम सांगते. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसल्यास जिल्ह्यातील अन्य सेवेचा खर्च सरकारने सोसावा, असेही ते म्हणते. १९१२ च्या कायद्याशी तुलना केली तर हे परिवर्तन मोठे आहे. तेथे रुग्णाविरुद्ध हुकूम निघे. येथे रुग्ण मागणी करू शकतो.

परंतु मोजमापाचे एकक जिल्हा हेच राहिले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. शहापूर व मुरबाड मात्र ठाणे जिल्ह्यातच राहिले. त्यामुळे एकाच जिल्ह्यात एका टोकास ठाणे, कल्याण, नवी मुंबई यांसारखी रुग्णालयांनी गजबजलेली शहरे आणि दुसऱ्या टोकास माहुली व माळशेजच्या पायथ्याचे पाडे आहेत. जिल्ह्याची बेरीज केली तर सेवा आहे. तानशाच्या काठच्या पाड्यावरून पाहिले तर ती पुष्कळ दूर आहे. सरासरीत हा फरक दिसत नाही, आणि जे सरासरीत दिसत नाही त्याची मागणीही नोंदविली जात नाही.

७. तानसा-परिसरातून पाहता

या परिसरात विकाराचे रूप आणि उपचारकाची वाट यांवर दोन स्थानिक वस्तुस्थितींची छाया पडते. पहिली पाण्याची. तानसा, मोडकसागर आणि भातसा यांचे पाणी मुंबईस जाते. आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहरातील नळाखाली चाललेले धुणे न्हाणीघराच्या दाराआड राहते आणि वर्षानुवर्षे कोणास कळत नाही. जेथे प्रत्येक हंडा डोक्यावरून आणावयाचा, तेथे धुण्याचा चळ लपत नाही. आणि त्याचे ओझे ज्या बायका पाणी भरतात त्यांच्या डोक्यावर शब्दशः पडते. धुणारी व्यक्ती सासुरवाशीण असेल तर तिच्यावर बोल येतो. घरातील कर्ता असेल तर सारे घर निमूटपणे पाणी पुरविते. घरच्यांनी असा विधीस हातभार लावणे हा विकार टिकण्याचे एक कारण आहे, असे मनश्चिकित्सा सांगते. म्हणून उपचारात घरच्यांना बरोबर घ्यावे लागते. येथे विकार लवकर दिसतो खरा. परंतु दिसणे म्हणजे ओळखणे नव्हे.

ओळखण्याचे काम प्रथम भगताकडे किंवा देवऋषीकडे जाते. तो जवळ असतो, भाषा जाणतो, ऐकून घेतो आणि कुटुंबास दोष देत नाही. उपचारकाच्या अंगी हवेत असे हे गुण आहेत, हे मान्य केले पाहिजे. अडचण उपायात आहे. मंत्रचळाच्या रुग्णास आणखी एक विधी सांगणे म्हणजे त्याच्या विधींत एकाची भर घालणे. क्षणिक दिलासा मिळतो, आणि हा दिलासाच विकाराचे खाद्य आहे. मारहाण, कोंडणे, उपाशी ठेवणे असे अघोरी प्रकार महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाल्यानंतर तो संमत झाला. मात्र कायदा वाईट उपचार बंद करू शकतो. त्याच्या जागी चांगला उपचारक आणून बसविणे हे त्याच्या आवाक्यातील काम नाही.

दुसरी वस्तुस्थिती प्रवासाची. तानसा-परिसरातील रुग्णास आधी आटगाव किंवा आसनगाव स्थानक गाठावे लागते व तेथून कसारा मार्गावरील लोकलने कल्याण किंवा ठाणे. मुरबाडला रेल्वे नाही, तेथून एस.टी.ने कल्याण व पुढे गाडी. औषधासाठी महिन्यास एक खेप परवडते. बैठकीसाठी दर आठवड्यास जावयाचे तर रुग्णाचा एक रोज बुडतो, बरोबर येणाऱ्याचा दुसरा. आणि पावसाळ्यात लावणी, पुढे भातकापणी या दिवसांत खेप चुकतेच. भयसामन्याच्या उपचारात मध्येच खंड पडला तर आधीची मेहनत पुष्कळ अंशी वाया जाते. त्यातच ज्यास बसचा दांडा किंवा शेजारचा प्रवासी यांचीच किळस वा धास्ती आहे, त्याच्या बाबतीत प्रवास हाच विकाराचा विषय होतो.

शोधाचा आणखी एक भाग योग्य उपचारक निवडण्याचा आहे. समुपदेशक ही पाटी अनेकांच्या दारावर असते. परंतु ‘काही होणार नाही, निश्चिंत राहा’ असे दर खेपेस समजावणे हा मंत्रचळाचा उपचार नव्हे, ते विकाराला दिलेले आणखी एक आश्वासन होय. भयसामना व विधिरोध या रीतीने उपचार केला जातो काय, बैठकांमधील दिवसांसाठी सराव नेमून दिला जातो काय, घरच्यांना त्यात घेतले जाते काय, उपचारकाची नोंदणी आहे काय आणि औषधाची गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाशी सहकार्य आहे काय, हे प्रश्न विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे. शहरी सुशिक्षितालाही ते बहुधा ठाऊक नसतात. ते शहापूरच्या आरोग्यसेविकेस व आशा कार्यकर्तीस ठाऊक झाले, तर शोधाची कित्येक वर्षे वाचतील. हा विकार बहुधा किशोरवयात किंवा विशीत जडतो. वाया जाणारी वर्षे ही शिक्षणाची, लग्नाची आणि कमाईची असतात.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेली-मानस’ ही दूरध्वनीसेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर प्रादेशिक भाषांत बोलता येते. चित्रध्वनीवरूनही भयसामन्याचा उपचार करता येतो असे अनुभवास आले आहे. त्यात एक लाभही आहे. ज्या घरात, ज्या मोरीपाशी रुग्णाची भीती जागी होते, सराव तेथेच करवून घेता येतो. अंतर कमी करण्याचा हा पहिला खरा मार्ग म्हणता येईल. मात्र डोंगराच्या कुशीतील पाड्यावर दूरध्वनीची लहर पोचली पाहिजे, आणि एका खोलीच्या घरात मनातील अभद्र विचार उच्चारण्यापुरता एकांत मिळाला पाहिजे.

८. समारोप

ठाणे जिल्ह्याचा हा इतिहास अभावाचा इतिहास नाही. १९०१ चे इस्पितळ, १९३८ चा बाह्यरुग्ण विभाग, १९६६ चे संशोधन, १९९० ची संस्था, २०१७ चा कायदा ही प्रत्येक पायरी खरी आहे आणि आधीच्या पायरीहून रुग्णाच्या अधिक जवळची आहे. तथापि प्रत्येक पायरीवर जो रुग्ण डोळ्यांसमोर होता तो मंत्रचळाचा ग्रामीण रुग्ण नव्हता. आधी तो उपद्रवी वेडा होता, नंतर शहरातील बाह्यरुग्ण, नंतर जिल्ह्याच्या तक्त्यातील एक आकडा. आपले दुःख आपल्याला कळते, पण कोणाला सांगता येत नाही, असा शांत, कष्टकरी, लाजरा माणूस कोणत्याही योजनेचा आरंभबिंदू झाला नाही.

तो आरंभबिंदू करावयाचा तर मोजमापाचे एकक बदलणे अवश्य आहे. जिल्ह्यात किती मनोविकारतज्ज्ञ आहेत हा प्रश्न पुरेसा नाही. तानसाच्या काठच्या पाड्यावरील रुग्णास, रोज न बुडविता, त्याच्या बोलीत, सलग बारा आठवडे तासभर बसणारा माणूस मिळतो काय, असा प्रश्न विचारला पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयात आठवड्याच्या बाजारादिवशी बसणारा एक प्रशिक्षित मनोपचारक, त्याच्या हाताखाली सरावावर देखरेख करण्यास शिकलेल्या स्थानिक सेविका आणि मधल्या दिवसांसाठी दूरध्वनी, एवढी व्यवस्था या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल. सव्वाशे वर्षांपूर्वी याच खोऱ्यातून पाणी मुंबईस नेण्यासाठी जे बांधकाम करावे लागले, त्या मानाने हे काम फार लहान आहे.